निरीक्षण आणि अनुमान यांच्यामधली ओळ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी १९९५ च्या दहावीच्या तुकडीची. पुढे इंजिनिअरिंग केलं आणि गेली बावीस-तेवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते आहे. संयोजकांनी मला ‘शाळेनं मला काय दिलं’ या विषयावर दहा-पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं. शाळेनं दिलं पुष्कळ. पण आज मी नववीतल्या एकाच प्रयोगाबद्दल बोलणार आहे, कारण त्या प्रयोगात मला दहापैकी दहा गुण मिळाले आणि ते माझे नव्हते.

आपली प्रयोगवही आठवते का? डावीकडचं पान कोरं, त्यावर पेन्सिलीनं आकृती. उजवीकडे उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. खाली बाईंची लाल सही आणि तारीख. ते मथळे अजूनही माझ्या डोक्यात त्याच क्रमानं आहेत. ऑफिसात एखादी अडचण लिहून काढायला बसले की हात आपोआप तसाच चालतो.

प्रयोग होता हवेतल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाचा. परातीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, तिच्यावर काचेची बरणी उपडी. बरणीला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवून पाच समान भाग केलेले. थोड्या वेळानं मेणबत्ती विझते आणि पाणी बरणीत वर चढतं. निरीक्षण : पाणी एक भाग चढले. अनुमान : हवेत ऑक्सिजनचे प्रमाण एक पंचमांश असते. किती छान जुळतं! आपल्यापैकी बहुतेकांनी हे असंच लिहिलं असेल.

आमच्या गटात आम्ही चौघी होतो. आमची मेणबत्ती लाईट गेल्यावर वापरून उरलेली, बोटभर उंचीची. ती सारखी कलंडायची, म्हणून आम्ही तिच्या शेजारी आधाराला दुसरी उभी केली आणि दोन्ही पेटवल्या. बरणी ठेवली. मेणबत्त्या विझल्या, पाणी चढलं, आणि चांगलं दीड भाग चढलं. चौघींनी वाकून वाकून पाहिलं. मग आमच्यातल्या तिघींनी वहीत लिहिलं, ‘पाणी एक भाग चढले.’ बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीनं लिहिलं, ‘पाणी दीड भाग चढले.’

वह्या तपासताना बाईंनी तिला उभं केलं. म्हणाल्या, “अगं, हवेत तीस टक्के ऑक्सिजन कुठून आणलास?” वर्ग हसला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. बाईंनी तिला प्रयोग पुन्हा लिहून आणायला सांगितला. पुन्हा करायला नाही हं, पुन्हा लिहायला. तिनं लिहून आणला, एक भाग. मला दहा, तिला सहा.

ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. हे सांगण्याआधी मी तिची परवानगी घेतली आहे. तिनं पुढे कॉमर्स घेतलं आणि आज ती उत्तम हिशेबनीस आहे. मी तिला विचारलं, “त्या प्रयोगामुळे तू सायन्स सोडलंस का गं?” ती हसली. म्हणाली, “छे, तेवढ्यानं कोण सोडतं? पण एक झालं. डोळ्यांना दिसतं ते आणि वहीत लिहायचं ते वेगळं असतं, हे मी त्या दिवशी शिकले.” हे वाक्य गेले दोन महिने माझ्या डोक्यातून जात नाही.

आता त्या प्रयोगाकडे परत जाऊ. खरं काय होतं?

कुठल्याही शास्त्रीय म्हणण्याचे तीन भाग असतात. पहिला दावा, म्हणजे तुमचं म्हणणं काय आहे ते. दुसरा पुरावा, म्हणजे तुम्ही काय पाहिलं, किती मोजलं. आणि तिसरा, या पुराव्यावरून तोच दावा का निघतो, याचं कारण. आपल्या प्रयोगवहीत पुराव्याला मथळा होता, निरीक्षण. दाव्याला मथळा होता, अनुमान. त्या दोघांच्या मधल्या ‘का?’ला मात्र मथळाच नव्हता. बरणीतलं पाणी चढलं म्हणून ऑक्सिजन एक पंचमांश, असं म्हणताना मधे एक न लिहिलेली ओळ होती : ‘मेणबत्तीनं सगळा ऑक्सिजन संपवला, आणि त्याच्या रिकाम्या जागेत पाणी शिरलं.’ ही ओळ कुणी लिहिलीच नाही, त्यामुळे कुणी तपासलीही नाही.

आज तपासू या. मेण जळतं तेव्हा ऑक्सिजन नुसता नाहीसा होत नाही, त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. पॅराफिन मेणात असणारा एक रेणू घेऊ, २५ कार्बन आणि ५२ हायड्रोजनचा. तो पूर्ण जळायला ऑक्सिजनचे ३८ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे २५ रेणू बाहेर येतात. वाफेचं पाणी होऊन ती आकसते असं धरलं आणि सगळाच्या सगळा ऑक्सिजन संपला असं मानलं, तरी आतली हवा सुमारे सात टक्क्यांनीच कमी होईल. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, पण तेवढ्या थोड्या वेळात फारसा नाही. शिवाय ज्योत विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. मग पाणी एक भाग, दीड भाग चढतं कशानं?

मुलांनो, घरी करून बघा, मोठ्यांना सोबत घेऊन. आणि पाणी किती चढलं यापेक्षा कधी चढलं ते बघा. ज्योत जळत असते तोपर्यंत पाणी जवळजवळ हलत नाही. उलट बरणीच्या काठाखालून कधी कधी बुडबुडे बाहेर येताना दिसतात. ज्योत विझली की पाणी भराभर वर येतं. म्हणजे ज्योतीभोवतालची हवा तापून पसरली होती, थोडी बाहेर गेली होती. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड झाली, आकसली, आणि बाहेरच्या हवेच्या दाबानं पाणी आत ढकललं. म्हणून दोन मेणबत्त्या लावल्या की जास्त हवा तापते आणि पाणी जास्त चढतं. आमच्या बरणीतलं दीड भाग पाणी बरोबर होतं. माझ्या मैत्रिणीची वही बरोबर होती. तिच्या वहीतला तो ‘चुकीचा’ आकडाच आम्हाला सांगत होता की मधली ओळ खोटी आहे. बरणीत ऑक्सिजन तेवढाच होता. मेणबत्ती वाढवल्यावर पाणी जास्त चढत असेल, तर पाणी ऑक्सिजन मोजत नाही, दुसरंच काहीतरी मोजतं. एवढं नववीतल्या मुलीलाही कळलं असतं, कुणी विचारलं असतं तर.

मग हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, हे खोटं का? नाही, ते खरंच आहे. गंमत हीच आहे. दावा खरा असू शकतो आणि त्याच्यासाठी दिलेला पुरावा निकामी असू शकतो. उत्तर आधीच माहीत असलं की निकामी पुरावाही आपल्याला गोड लागतो.

हाच दावा नीट सिद्ध करायचा एक साधा मार्ग आहे. हार्डवेअरच्या दुकानात बारीक तारांचं स्टील वूल मिळतं, ते घ्या. भांडी घासायची चकचकीत स्टीलची घासणी चालत नाही. मी आधी तीच वापरली आणि दोन दिवस वाट पाहत बसले, ती गंजतच नाही. स्टील वूल व्हिनेगरमध्ये बुडवून, झटकून परीक्षानळीच्या तळाशी घट्ट बसवा. नळी पाण्याच्या ग्लासात उपडी ठेवा आणि दोन दिवस हात लावू नका. लोखंड गंजतं, गंजताना ऑक्सिजन घेतं, आणि त्याच्या बदल्यात दुसरा वायू सोडत नाही. पाणी हळूहळू चढतं आणि सुमारे एक पंचमांशावर थांबतं. आता दुसऱ्या नळीत स्टील वूल दुप्पट घाला. पाणी लवकर चढेल, पण थांबेल तिथेच. मेणबत्ती वाढवली तर पाणी जास्त चढतं, लोखंड वाढवलं तर चढत नाही. या एका फरकात आख्खा युक्तिवाद आहे.

फ्रान्समधल्या लाव्हाझिएनं हे काम दोनशे वर्षांपूर्वीच केलं होतं. १७८९ साली छापलेल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्यानं ते लिहून ठेवलं आहे. त्यानं बंद भांड्यात पारा १२ दिवस तापवला. आतली हवा ५० घन इंच होती, ती ४२-४३ झाली. पाऱ्यावर लाल भुकटी जमली. उरलेल्या हवेत मेणबत्ती लगेच विझायची. इथेही तो थांबला नाही. ती लाल भुकटी वेगळी तापवली, तेव्हा तिच्यातून सात-आठ घन इंच वायू परत निघाला, म्हणजे जेवढी हवा गेली होती जवळपास तेवढाच. त्या वायूत मेणबत्ती लखलखून जळली. आणि शेवटी तो वायू उरलेल्या हवेत मिसळला, तर नेहमीसारखी हवा तयार झाली. गेलं किती, परत आलं किती, आणि मिसळल्यावर काय झालं, तिन्ही बाजूंनी गाठ मारली.

अजून एक बघा. पन्नासातले सात-आठ म्हणजे एक पंचमांशाला थोडे कमीच. आपल्या वर्गात त्यालाही गुण कापले गेले असते. पण त्याला जो आकडा मिळाला तोच त्यानं छापला.

ही तिन्ही भागांची शिस्त पाश्चात्त्यांचीच आहे असं कुणी समजू नये. आपल्या न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. आणि मग, जिथे जिथे धूर असतो तिथे तिथे अग्नी असतो, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. पुढे उपनय आणि निगमन, असे पाच अवयव. आपण शाळेत पहिले दोन घेतले आणि तिसरा गाळला. आणि तो तिसराच तर विचारतो, धूर आणि अग्नी यांचा संबंध काय? हा धूरच आहे ना, धुकं तर नाही ना?

तुम्ही म्हणाल, तीस वर्षांपूर्वीच्या एका बरणीचं हिला एवढं काय? म्हणून माझ्या आयुष्यातल्या दोन गोष्टी सांगते.

पहिली नोकरीतली. कंपनीचं नाव घेत नाही, आणि चूक कंपनीची नव्हतीच, माझी होती. एका महिन्याच्या एक तारखेला सकाळी अकराला आमच्या गटातल्या एका नवीन मुलानं प्रणालीत एक बदल केला. साडेअकराला सगळं संथ झालं, तक्रारींचे फोन सुरू झाले. आम्ही त्याचा बदल काढून टाकला. थोड्या वेळात सगळं सुरळीत. मी वरिष्ठांना ईमेल लिहिली : अमुक बदलामुळे बिघाड झाला, बदल काढल्यावर दुरुस्त झाला. दावा आहे, पुरावा आहे, वाचायला अगदी चोख. मुलगा पोरगेलासा होता, त्यानं मान खाली घातली. पुढच्या महिन्यात एक तारखेला, कुणी काहीही बदललेलं नसताना, साडेअकराला पुन्हा तेच झालं. शोधलं तेव्हा कळलं की दुसऱ्या विभागाचा मासिक अहवाल त्याच वेळी सुरू व्हायचा, आख्खा डेटा उपसायचा आणि तासाभरानं आपोआप संपायचा. आम्ही बदल काढला म्हणून सुधारलं नव्हतं, अहवाल संपला म्हणून सुधारलं होतं. मधली ओळ मी पुन्हा लिहिलीच नव्हती. त्या बदलामुळे प्रणाली नेमकी कशी संथ होईल, हे मी सांगू शकले नसते. आणि दुसरं काही कारण असू शकेल का, हेही विचारलं नव्हतं. मी दुसरी ईमेल लिहिली, पहिली ज्यांना गेली होती त्या सगळ्यांना. त्या मुलाचा चेहरा मला फार ओळखीचा वाटला. नववीत बाकावर माझ्या शेजारी तोच चेहरा होता.

दुसरी घरातली. माझ्या आईला मधुमेह आहे. एकदा फोनवर आनंदानं म्हणाली, “अगं, शेजारच्या काकूंनी दिलेला काढा पंधरा दिवस घेतेय. साखर दोनशेदहावरून एकशेअठरावर आली. आता गोळी अर्धी करते.” मी म्हटलं, “आई, गोळीला हात लावू नकोस. आधी मला दोन्ही रिपोर्टचे फोटो पाठव.” फोटो आले. दोनशेदहा होती जेवणानंतरची साखर. एकशेअठरा होती उपाशीपोटीची. दोन्ही आकडे खरे, पण एकमेकांशी तुलना करण्यासारखे नाहीत. काढ्याबद्दल त्यातून काहीच कळत नव्हतं, हो नाही की नाही नाही. शिवाय त्या पंधरा दिवसांत ती गोळ्याही घेतच होती, मग श्रेय काढ्यालाच का? मी तिच्याशी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, “या दोन वेळा तू काय खाऊन गेली होतीस?” तिचं तिलाच कळलं. गोळी अर्धी झाली नाही. पुढचं डॉक्टरांनी ठरवलं.

मुलांनो, तुम्हाला दिवसभरात मोबाईलवर किती दावे येत असतील! प्रत्येकाशी भांडू नका. चार प्रश्न विचारा. नक्की म्हणणं काय आहे, एका वाक्यात सांगता येईल का? कुणी काय पाहिलं, काय मोजलं, आणि दोन्ही वेळा सारखंच मोजलं का? त्या पाहण्यावरून हे म्हणणं का निघतं? आणि चौथा, याचं दुसरं काही कारण असू शकेल का, आणि असेल तर ते कसं ओळखू? हे चार प्रश्न आधी स्वतःच्या म्हणण्याला विचारा. दुसऱ्याला विचारायला सगळेच तयार असतात.

आणि शिक्षकांना हात जोडून एक विनंती. प्रयोगवहीत निरीक्षण आणि अनुमान यांच्यामध्ये दोन ओळींची जागा सोडा आणि तिला मथळा द्या, ‘का?’ एखाद्या मुलाचा आकडा पुस्तकापेक्षा वेगळा आला तर गुण कापण्याआधी त्याला प्रयोग पुन्हा करू द्या. पुन्हा तोच आला तर बहुधा तो मुलगा काहीतरी सांगतो आहे. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास आणि संपवायचा अभ्यासक्रम, हे सगळं मला माहीत आहे. म्हणून वर्षातून एकच प्रयोग असा करा. आमच्या तुकडीनं यंदा प्रयोगशाळेला परीक्षानळ्या आणि काचेच्या बरण्या दिल्या आहेत. स्टील वूल मी स्वतः आणलं आहे.

आमच्या विज्ञानाच्या बाई आज इथे पहिल्या रांगेत आहेत. हे सगळं बोलण्याआधी मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले होते. घाबरतच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मलाही तो प्रयोग असाच शिकवला होता गं. सांग तू खुशाल. पण एक कर, मला ती लोखंडाची नळी करून दाखव.” आम्ही दोघींनी त्यांच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ती नळी मांडली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. बाईंनी फूटपट्टीनं मोजलं होतं. “पाचातला एक भाग, थोडा कमी. थोडा कमी म्हणून लिहून ठेवलंय हं मी,” असं मुद्दाम सांगितलं.

आता राहिलं माझं देणं. मैत्रिणी, त्या दिवशी पाणी दीड भागच चढलं होतं. मी पाहिलं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मी उठून तेवढं म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. माझ्या वहीतले दहा गुण तुझे होते. आज सगळ्यांसमोर, बाईंच्या साक्षीनं, ते परत करते.